साडेपाच तास मागे

आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी परवा दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. पहिलीही तशीच ठेवली. आता तो चालू केला की आधी विचारतो, कुठली उघडू? एक जागी असली की दुसरी झोपलेली. एका घरात राहून दोघींची कधी गाठ पडत नाही.

काल दुपारी चार वाजता जुनी सिस्टीम उघडली, तर कोपऱ्यातलं घड्याळ साडेपाच तास मागे. नवी सिस्टीम मशीनमध्ये जागतिक वेळ लावून ठेवते आणि जुनी तीच इथली समजते, एवढंच कारण. मी दुरुस्त करायला बसलो, तेवढ्यात ही चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

"साडेदहा. म्हणजे निखिल ऑफिसात पोचला असेल," ती म्हणाली. "राहू दे ना हे असंच. मला बोटं मोजावी लागणार नाहीत."

निखिल आमचा मुलगा. दिवाळीनंतर लंडनला गेला. सुरुवातीला रोज फोन करायचा, मग रविवारी. आता आम्हीच करतो, तोही त्याची वेळ बघून.

मी घड्याळाला हात लावला नाही. कालपासून ही येता-जाता त्यात डोकावते. आत्ता जेवत असेल, आत्ता निघाला असेल. फोन मात्र लावत नाही. आपल्या माणसाबद्दल शेवटी एवढे अंदाजच हातात राहतात की काय, कोण जाणे.

मार्च संपता संपता तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे सरकतील. मग ही वेळ आमची नसेल आणि त्याचीही नसेल. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.