सात किलोतलं लुगडं

विमानात पिशवी तोलतात, माणूस तोलत नाहीत. अंगावर काय आहे ते काट्याला लागत नाही. हे मला या वयात, उजळाईवाडीच्या विमानतळावर रांगेत उभं राहिल्यावर कळलं. तोवर घरात जी ओढाताण व्हायची ती होऊन गेली होती.

मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्या कंपनीतले दोघं-तिघं बायकापोरं घेऊन जहाजाच्या सहलीला जाऊन आले, आणि याच्या डोक्यात ते जहाज शिरलं. इथून विमानानं मुंबई, तिथून सिंगापूर, आणि तिथं जहाजात चढायचं. जहाज कुठं पोचवत नाही. समुद्रात फिरवतं आणि जिथनं उचललं तिथंच आणून सोडतं.

मी म्हटलं, "मग चढायचं कशाला?"

"आबा, आई गेल्यापास्नं गोठा सोडून कुटं गेलायसा काय? वरीस झालं. माणसांत या जरा."

"मी जनावरात बरा हाय."

"तिकिटं काढल्यात. आता परत घेत न्हाईत ती."

म्हणजे विचारत नव्हता, सांगत होता. तरीही मी नाही म्हटलं असतं. पण नात मांडीवर येऊन बसली. "आज्जा, तू न्हाई आलास तर मी बी न्हाई जाणार." झालं. तिथं दावं आवळलं.

आता लुगड्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बायको गेली त्या सकाळी ती धार काढून आली होती. गोठ्यातलं लुगडं सोडून खुंटीला अडकवलं, घरातलं नेसली, चहा प्याली आणि उंबऱ्याला टेकून बसली. ती परत उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. थांबलं ते मलाही दिसत होतं.

दिवसकार्य झालं. तिची लुगडी भावजयांनी, भाच्यांनी वाटून नेली, जुनेर होतं ते वाकळा शिवायला गेलं. रीतच आहे ती. पण गोठ्यातल्या खुंटीकडं कोण बघतंय? तिथलं तेवढं राहिलं. हिरवं इरकली, काठ विटलेला, गुडघ्यापाशी ठिगळ.

आणि इकडं म्हैस पान्हा सोडेना. तिला जन्मापासून एकच हात माहीत. मी बसलो की लाथ. रेडकू लावलं तरी दूध वर चढवून उभी. कास दगडासारखी झाली. तेव्हा शेजारची वहिनी, माझ्या चुलतभावाची बायको, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भावजी, हिचं लुगडं गुंडाळून बसा. म्हशीला माणूस दिसत न्हाई, वास दिसतोय."

धोतरावरनं लुगडं गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि बसलो. म्हशीनं मान वळवून पदर हुंगला, सोडला, परत हुंगला. मग पान्हा सोडला. कासंडी फेसानं भरली तरी मी तिच्या पोटाला कपाळ टेकून बसलो होतो, बायको बसायची तसा. मला उठवेना.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी लुगडं नेसलो. मध्ये म्हैस आटली, परत व्याली, तरी लुगड्याशिवाय पान्हा नाही. गल्लीतली पोरं "आज्जी आली, आज्जी आली" म्हणून ओरडायची. दूध संस्थेत एकानं विचारलं, "आबा, मंगळसूत्र कवा घालतासा?" मी म्हटलं, "तू दूध द्याला लागलास की." परत त्यानं विचारलं नाही.

ते धुवायचं नाही असं ठरलेलं. धुतलं की वास गेला, वास गेला की दूध गेलं. शेणाचा वास, सरकीचा, मिश्रीचा, तिच्या डोक्याच्या तेलाचा. सून नाक धरून लांबनं जायची. घरातल्या सगळ्यांना वाटायचं, म्हातारा म्हशीसाठी करतोय. अर्धं खरं होतं. धार संपली तरी मी ते लगेच सोडत नव्हतो.

तर सहल. मुलानं तिकिटं स्वस्तातली काढलेली. माणशी हातात एक पिशवी, तीही सात किलोची, आणि विमानाच्या पोटात टाकायला सगळ्यांत मिळून एकच बॅग. मुलानं हातात धरून वजन करायचा काटा मागवला. झालं, सोप्यात रोज बॅगा लोंबकळायला लागल्या, बाजारात कोंबड्या लोंबकळतात तशा. सून भरायची, मुलगा उपसायचा.

"भडंग कशाला? तितं चार वेळा जेवाण देत्यात."

"तुमच्या जेवणात तिखट असतंय व्हय? चटणी न्हाई तर मी जहाजावर चढणार न्हाई. आत्ताच सांगते."

चटणी राहिली. भडंग गेलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर भडंग नातीच्या कपड्यांत.

माझी पिशवी सगळ्यांत हलकी. दोन धोतरं, तीन शर्ट, बंडी, टॉवेल. मुलगा म्हणाला, "शाबास आबा, असं पायजे." शाबासकी कसली, उरलेल्या जागेवर सगळ्यांची धाड पडली. नातीचं फुंकून फुगवायचं पोहायचं चाक, सुनेचं केस वाळवायचं यंत्र, मुलाचे बूट, चटणीचा डबा. माझ्या पिशवीत मलाच हात घालायला जागा नाही. काटा सातावर येऊन टेकला, आणि लुगडं अजून गोठ्यात खुंटीवर होतं.

ते न्यायचं आहे, हे मी कुणाला बोललो नव्हतो. काय बोलणार? जायच्या आदल्या दिवशी सकाळची धार झाली, तशी घडी घातली, आणून पिशवीच्या तळाला कोंबलं, वर धोतरं. दुपारी मुलानं शेवटचं वजन केलं.

"आबा, सकाळी सात होतं, आता जास्त कसं काय?"

"काटा बिघडला असंल."

सुनेनं पिशवीत हात घातला, बाहेर काढला आणि नाकाशी नेला. "मामा! गोठ्यातलं लुगडं?"

"व्हय."

"सिंगापूरला?"

"व्हय."

"अवो, इमानतळावर वास घ्याची कुत्री असत्यात. आपल्या सगळ्यांस्नी बाजूला बसवतील."

"कुत्र्यास्नी शेण कळतंय. न्हाई धरणार."

मुलगा हसला. "आबा, तितं काय म्हैस हाय व्हय?" आणि हसता हसता माझ्याकडं बघून त्यानं काटा खाली ठेवला.

तेवढ्यात वहिनी आली. आम्ही नसताना धार तीच काढणार होती. रिकामी खुंटी बघून सरळ सोप्यात आली. "भावजी, लुगडं कुटाय? तुम्ही ते नेलासा तर मी म्हशीफुडं नाच करू काय? कास सुजली, सड गेलं, तर मला बोलायचं न्हाई."

ती बोलत होती ते बरोबर होतं. लुगडं नेलं तर म्हैस बिघडणार. ठेवलं तर सकाळ-संध्याकाळ वहिनीच्या अंगावर, तिचा घाम, तिची तपकीर त्यात मुरणार, आणि मी येईपर्यंत बायको त्यातनं निघून गेलेली असणार. जायचंच नाही म्हणावं तर नात चाकाला फुंकर मारत माझ्याकडं बघत होती. मी मध्ये बसलो होतो आणि हे सगळे भोवतीनं उभे. बाजारात विकायला आणलेल्या बैलाला काय वाटत असंल, ते मला त्या दुपारी कळलं.

वहिनीच म्हणाली, "नऊ वार हाय न्हवं? मग तोंड पाडून काय बसलायसा? फाडा की."

"आत्तींचं लुगडं फाडायचं?" असं सून म्हणाली. इतके दिवस नाक धरणारी.

"वाकळंत घालताना बाकीची फाडलीच की," वहिनी म्हणाली.

फाडायचं तर एक पदराकडचं अर्धं आणि एक निऱ्यांकडचं. पदरात तिचं सगळं होतं. त्यानंच तिनं तोंड पुसलं, हात पुसले, डोक्यावर तोच. मला पदर पाहिजे होता. पण म्हैसही पदरच हुंगायची. माणसाला सांगता येतं, थोडे दिवस दम काढ म्हणून. जनावराला कसं सांगणार? मी पदराचं टोक वहिनीच्या हातात दिलं. विळीवर काठाला चीर दिली आणि दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. कापड फाटताना एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. नातीनं कानावर हात ठेवले.

अर्धं घालूनही काटा सातच्या जरा पुढंच गेला. मुलगा म्हणाला, "एवढं कोण बघत न्हाई." पण त्यांनी बघितलं. विमानतळावरची मुलगी म्हणाली, "आजोबा, थोडं जास्त होतंय. काहीतरी कमी करा."

मागं रांग खोळंबली. मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या आता. ठेवा ते कुटंतरी." कुठंतरी म्हणजे कुठं? समोर कचऱ्याचा डबा तेवढा होता. सून चटणीचा डबा काढायला वाकली. एवढ्यात माझं लक्ष शेजारच्या रांगेत गेलं. एक जण भर उन्हाळ्यात कोटावर कोट चढवत होता, खिशात वायरी कोंबत होता, आणि त्याला कुणी हटकत नव्हतं.

मी टोपी काढून खिशात घातली, लुगडं ओढून काढलं आणि पटका बांधतात तसं डोक्याला बांधलं. हिरव्या लुगड्याचा एवढा मोठा पटका झाला. पिशवी सातच्या आत आली. त्या मुलीनं मान खाली घातली आणि पिशवीला चिठ्ठी बांधली. नात म्हणाली, "आज्जा, नवरदेव दिसालाईस."

पुढं तपासणीला वर्दीवाल्यानं पटका सोडायला लावला. त्यानं तो मेजावर उलगडला, उलगडतच गेला. ठिगळ दिसलं तसा हात थांबला. "ये क्या है?"

"बायकोचं लुगडं."

"वो कहाँ है?"

मी वर बोट केलं. त्यानंच ते जमेल तसं गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं दिलं.

जहाजाचं फार सांगत नाही. लोक नाचतात, खातात, पाण्यात डुंबतात. आमच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर समुद्राचं चित्र होतं. समुद्रातच बसून समुद्राचं चित्र बघायचं. दार आपोआप मिटायचं. बाहेर लांबच लांब बोळ, सगळी दारं एकसारखी. एकदा बाहेर पडलो तो परत येताना दुसऱ्याच्याच दारावर थापा मारत बसलो. त्यानंतर पोरं गेली तरी मी आतच. वरनं जाळीतनं गार हवा यायची, तिला अत्तरासारखा वास. त्या वासानं दोन दिवसांत सगळं धरलं. उशी, टॉवेल, माझी बंडी. लुगड्याला नाक लावलं तर त्यातही तोच यायला लागला. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि पिशवी पोटाशी धरून बसलो. दुसरं काय करणार? उतरायला कुठं जागा होती?

सून कपडे बदलायला आली तेव्हा मी तसाच बसलेलो. तिनं बघितलं. दागिने ठेवायला भिंतीत एक लहान लोखंडी कपाट होतं. तिनं ते उघडलं, आपल्या पाटल्या आणि पासपोर्ट कडेला सारले. "मामा, द्या हिकडं. हितं वारं लागत न्हाई." पिशवी तिनं हातात घेतली. नाक धरलं नाही.

घरी आलो तसा पायातलं न काढता गोठ्यात गेलो. वहिनी धारेला बसली होती. आपल्याच रोजच्या साडीत, डोक्यावर काही न घेता. कासंडीत धार वाजत होती. म्हैस आंबोणात तोंड घालून निवांत.

"लुगडं?" मी विचारलं.

"लागलंच न्हाई भावजी! दोन दिस घेतलं, मग एकदा इसरले, तशीच बसले, तरी पान्हवली की! उगंच वरीसभर नेसलासा."

"ते कुटाय?"

"धुतलं. म्हटलं तुम्ही याच्या आत धुऊन ठिवावं. दोनदा भिजवलं, लई मळ निघाला. त्ये बघा."

दोरीवर वाळत होतं. वर्षात पहिल्यांदा काठाचा तांबडा रंग दिसला. मी जाऊन पदराला नाक लावलं. साबण.

वहिनीला काय बोलायचं? म्हैस ठणठणीत होती, लुगडं स्वच्छ होतं. मी म्हटलं, "बरं केलंसा."

संध्याकाळी मी लुगडं न नेसता धारेला बसलो. म्हशीनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. पान्हा सोडला. निम्मी कासंडी झाल्यावर माझे हात थांबले. उठलो, घरात गेलो, नातीचं चाक, बूट, सगळं बाहेर फेकून पिशवी उपसली आणि निऱ्यांकडचं अर्धं काढलं. कमरेला ते पुरलं. डोक्यावर घ्यायला काही राहिलं नाही. परत येऊन बसलो.

सून वैरण टाकायला आलेली. "मामा, आता कशाला? ती तशीच देतीया की."

"न्हाई देत," मी म्हटलं.

कासंडीतलं दूध तिला दिसत होतं. ती वैरण टाकून घरात गेली, जहाजावरची ती प्लास्टिकची पिशवी घेऊन आली आणि खुंटीला अडकवली.

"धार झाली की ह्यात घाला. आणि गाठ घट्ट मारा, मामा. सैल ऱ्हाती तुमची."

आता घट्ट मारतो. सकाळी सोडतो, मारतो. संध्याकाळी सोडतो, मारतो.