घरी राहिलेले नवरे

राजापूरजवळच्या आमच्या अंगणात रिक्षा येऊन उभी राहिली होती. माझ्या नवऱ्याने, मुश्ताकने, बॅग आत ठेवली. चार वर्षांची सना त्याच्या कडेवर होती. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "बायकोला कमवायला धाडून घरात बसलेला पुरुष मी आजवर बघितला नाही."

"मग आता बघ," मुश्ताक म्हणाला. तो हसला, मला हसू आलं नाही.

आमच्या गावात गल्फला जायचं ते बापांनी. माझे अब्बाही गेले होते. दोन-दोन वर्षांनी अत्तर, साबण घेऊन यायचे आणि मी अम्माच्या मागे लपायचे. "अगं, बाप आहे तो तुझा," अम्मा समजवायची. मुश्ताकचं मोटार दुरुस्तीचं दुकान बंद पडलं आणि दोहाच्या एका हॉटेलने बेकरीसाठी मला निवडलं, म्हणून या वेळी मी निघाले.

वेस्ट बेमधल्या त्या हॉटेलात माझ्या शेजारच्या टेबलावर अनाहित काम करायची. आर्मेनियातल्या ग्युम्रीची. अल नस्र भागात आम्ही एकाच खोलीत राहायचो. दोघींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत हळूहळू कळत गेलं, की तिच्याकडचे पुरुषही रशियात बांधकामावर जायचे आणि सुना सासूच्या हाताखाली घर सांभाळायच्या. आता अनाहित इथे होती आणि तिचा नवरा तिकडे दोन मुलींच्या वेण्या घालत होता.

"शेजारी आधी त्याला खूप हसले," ती म्हणाली. "आता त्यांच्याच सुना मला फोन करून नोकरी विचारतात."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचा कागद हातात आला. त्याच आठवड्यात सना व्हिडिओ कॉलवर समोर यायलाच तयार होईना. मुश्ताकच्या पाठीमागे लपली. "खलास," मी अनाहितला म्हणाले, "मी परत जाते."

तिने कणीक मळायचं थांबवलं नाही. "माझे वडील फोनवर आईला विचारायचे, मुली अभ्यास करतात ना? आम्हाला कधी काही विचारलंच नाही. तू सनालाच विचार."

त्या दिवसापासून ड्युटी संपली की मी रोज सनाला विचारू लागले. डब्यात काय होतं? बाकावर शेजारी कोण बसलं? आधी नुसतं "हं" यायचं. महिन्याभराने ती आपणहून बाईंची तक्रार सांगायला लागली. "सही कर," मुश्ताक म्हणाला, "इथे मी आहे ना." मी सही केली.

गेल्या महिन्यात सुट्टीवर गेले. पहिल्याच सकाळी चुलीपाशी उभी राहिले, तर मीठ सापडेना. माझ्याच स्वयंपाकघरात! सना म्हणाली, "अम्मी, अब्बा ते वरच्या फळीवर ठेवतात." क्षणभर लागलं मनाला. मग मुश्ताकने वाढलेला सार-भात आम्ही सगळे जेवलो. सासूबाईंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

माझी वाट बघत थांबलेलं घर मी मनात धरून होते. हे थांबलेलं नव्हतं. ते चाललं होतं, आणि त्यात माझं पान मांडलेलं होतं. परवा मी पुन्हा दोहाच्या विमानात बसले, ते याच घरासाठी. या वेळी रडले नाही.