चकाचक घर

"कुठं शिरलं पाणी? घर तर चकाचक आहे."

पंचनाम्याचा साहेब उंबऱ्यातच उभा. बरोबरचा माणूस फिदीफिदी हसला. मी चहा पुढं केला. साहेबानं हात मागं घेतला. "नको. इथलं पाणी नको." आणि कागदावर लिहिलं, नुकसान नाही.

शिरलं होतं हो. कमरेएवढं. पावणे गावच्या नाल्याला लागून आमची घरं. पाणी उतरलं आणि कंपन्यांचा काळा, तेलकट चिखल मागं राहिला. पण साहेब येणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, परक्या मानसाला असलं घर दावायचं व्हय?" झालं. दोघी पहाटेपासून घासत होतो. भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा मीच सोड्यानं घासून काढली. अक्कल गहाण टाकली होती मी.

पाणी शिरल्याची नोंद असेल तिथंच नाल्याला भिंत मिळणार होती. भिंत आली. शेजारच्या गोदामापर्यंत आली आणि आमच्या ओळीच्या अलीकडं थांबली.

पुढच्या पावसात गोदामाकडचं पाणीही आमच्यात आलं. सासूबाईंना माळ्यावर चढवलं. दिवसभर तिथं आखडून बसल्या. खाली उतरल्या आणि झाडू शोधायला लागल्या. मी तो हातातून काढून घेतला. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यांना कधी उलट बोलले नव्हते.

"ऱ्हाऊ द्या. चिखल ऱ्हाऊ द्या."

त्या रडल्या. मला रडू आलं नाही. मला काहीच होत नव्हतं.

चार दिवस त्या घाणीत भात शिजवला. शेजारणींनाही झाडू धरू दिला नाही. शिव्या खाल्ल्या.

पंचनाम्याला आला तो साहेब तोच. नाकाला रुमाल. "आधी साफ तरी करायचं. माणूस आत येणार कसा?"

"आमी ऱ्हातो तसं. या आत. भिंतीला हात लावा. ओल लागंल तितवर लिवा."

बुटांकडं बघत उभा राहिला. मी दारातून हलले नाही. शेवटी आला. घोट्यापर्यंत रुतला. लिहिलं.

मला आनंदबिनंद झाला नाही. कारण भिंत अजून नाही. दर सोमवारी आम्ही बायका त्याच्या ऑफिसात जाऊन बसतो. शिपाई म्हणतो, बाहेर थांबा. थांबत नाही.

मागच्या सोमवारी साहेबाला तोंडावर सांगून आले. पावसाआधी भिंत उभी राहिली नाही, तर सासूबाईंना माळ्यावर चढवणार नाही. तुमच्या टेबलावर आणून बसवीन.