टाकीतली पोरं

टाकीवाल्या मामांशी केमिस्टबाईंची पहिली भेट नाकाने झाली. डोळ्यांनी व्हायला आणखी सात मिनिटं लागली. मामा अजून फाटकाशीच होते आणि इकडे प्रयोगशाळेच्या भिंतीवरची पाल गाशा गुंडाळून निघाली होती. मग दारात एक वाळका, हसरा माणूस उगवला. "बाई, पोरांना भेटायला चला."

पोरं म्हणजे टाकीतले जिवाणू. कचऱ्याच्या डोंगराखालून झिरपणारं काळंकुट्ट पाणी टाकीत येई, मामा त्यात हवा सोडत आणि जिवाणू त्यातली घाण खाऊन टाकत. नुसत्या फेसावरून मामा त्यांची तब्येत ओळखत. "आज जेवली नाहीत बघा." बाई तपासून पाहत. मामा दर वेळी बरोबर! बाईंच्या पदवीला हे फार लागे.

"घरच्या पोरांची इयत्ता विचारा," मामी डबा द्यायला आल्या की म्हणत, "आकाशाकडे बघतील."

टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना लागोपाठ तीन महिने पास झाला, तरच हा प्रकल्प चालू राहणार होता. दोन झाले होते, तिसरा सोमवारी होता. मामांनी अकरा वर्षांत रजा घेतली नव्हती. बाईच हटून बसल्या. "शनिवारी घरी थांबा हो, मामा. टाकी कुठे पळून जातेय?"

फळ्यावर 'टाकीला हात लावू नये' असं लिहून मामा गेले.

नेमके शनिवारीच मोठे साहेब पाहणीला येणार असल्याचा फोन आला. बाई तक्ते रंगवण्यात गुंतल्या. सफाईच्या मुकादमाला वास खटकला. त्याने जंतुनाशकाची चार पिंपं टाकीत रिकामी केली. साहेबांनी छातीभर श्वास घेतला आणि "वा!" म्हणाले.

सोमवारी मामांनी टाकीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. फेस नव्हता. "गेली, बाई. नवी वाढवायला तीन महिने लागतील."

बाई मुकादमावर कडाडल्या, "फळा वाचता येत नाही तुम्हाला?"

"वाचला की! हात कुणी लावला? लांबूनच ओतलं. आणि बाई, जंतुनाशक जंतूंवर नाही टाकायचं, तर कशावर टाकायचं?"

बाईंची पदवी कामी आली नाही.

नमुना नापास झाला. काळं पाणी आता टँकरने दुसरीकडे जातं. मामांची बदली नळजोडणीच्या कार्यालयात झाली. तिथे ते अर्जांवर शिक्के मारतात.