राठोड सिस्टरांची टिचकी

झोपलेलं मूल दिसलं, की राठोड सिस्टर त्याला उठवत. दारव्ह्याच्या दवाखान्यात त्यावरून त्यांची फार चेष्टा व्हायची. त्या वॉर्डात शिरल्या, की बाळंतिणी लेकरावर पदर ओढत. "अवं सिस्टर, आत्ताच डोळा लागला त्याचा!"

"लागला तर उघडन बी," म्हणत त्या बाळाच्या तळव्याला टिचकी मारत. बाळ रडलं, की समाधानानं पुढच्या खाटेकडे वळत.

मीही हसायचो. माझी सई चार वर्षांची होईपर्यंत.

माझ्या आईला कर्करोग होता. दुखणं सोसवेना म्हणून मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. एका दुपारी सईचा कान ठणकू लागला. आम्ही नवरा-बायको दोघंही शाळेत. नातीचं रडणं आईला ऐकवेना. "मले उतार पडते, तिलेही पडन," म्हणून तिनं आपली अर्धी गोळी तिला दिली. मी आलो तेव्हा सई गाढ झोपली होती. झोपलेल्या लेकराला उठवू नये, ही आमच्या घरची रीत. मी पुस्तक उघडून बसलो.

तेवढ्यात सिस्टर आईची मलमपट्टी करायला आल्या. सवयीनं त्यांनी सईच्या तळव्याला टिचकी मारली. ती हलली नाही. पापणी उचलली, तर बाहुली मोहरीएवढी. पोटावर हात ठेवून त्या श्वास मोजू लागल्या आणि मध्येच ओरडल्या, "गुरुजी, ही झोप नाही! काय देल्लं हिले?"

आईनं गोळ्यांची डबी पुढे केली. ऑटोत सिस्टर सईला तोंडानं श्वास देत राहिल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात सई रडली. मी तिला उचलून घरी निघालो, तर सिस्टर दारात आडव्या.

"कायले घाई करता? उताऱ्याचा जोर लवकर सरते. गोळीचा नाही सरत."

तासाभरात सईचा श्वास पुन्हा मंदावला. इंजेक्शन पुन्हा द्यावं लागलं. घरी असतो तर मी पुन्हा पुस्तकच उघडलं असतं.

आईनं त्यानंतर दोन दिवस अन्न घेतलं नाही. सिस्टर तिच्या उशाशी बसल्या. "माय, तू मायेनंच देल्लं. पण गोळीले माया समजत नाही. डबी कुलपात ठेव अन् जेव."

गेल्या महिन्यात सिस्टर गेल्या. कॉलेजात शिकणारी सई त्यांच्या पायाशी बसली होती. सगळे उठू लागले, तेव्हा तिनं चादर जराशी सारली आणि त्यांच्या तळव्याला हळूच टिचकी मारली. मग वाट पाहत बसली.