बॉक्सरची चक्की

चक्कीत पीठ कसं साचतं पाहा. कोणी मुद्दाम टाकत नाही, तरी पट्ट्यावर, भिंतीवर, भुवयांवर बसतंच. बबनभाऊंच्या किश्श्यांचं तसंच आहे, राजेहो! वर्ध्यात त्यांची पिठाची चक्की आणि तिला लागूनच माझं किराणा दुकान. बबनभाऊ आता नाहीत. चक्की वहिनी चालवतात. पण गव्हाचा डबा ठेवायला आलेला माणूस एखादा किस्सा सांगितल्याशिवाय जात नाही. मी साखर तोलता तोलता ऐकतो. कधी कधी काट्याकडे लक्षच राहत नाही.

बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "एवढा मोठा बॉक्सर होता का हो? देशासाठी खेळला होता?"

नाई, बापा! नागपूरच्या पुढे त्यांना कुत्रं ओळखत नव्हतं. मग गावाचा एवढा जीव काऊन? ऐका तं.

*

प्रॅक्टिसला बॅग नव्हती. बबनभाऊंनी पोत्यात सरकी ठासून भरली, पोतं चक्कीसमोरच्या कडुनिंबाला टांगलं आणि दे दणादण! दळण घेऊन आलेल्या बाया डबे तिथेच ठेवून पाहत उभ्या राहायच्या.

एका सकाळी पाहतो तर पोतं फाटलेलं आणि खाली नामदेव ऑटोवाल्याची म्हैस डोळे मिटून रवंथ करतेय! सरकी म्हणजे म्हशीचा जीव की प्राण. नामदेव हात जोडत आला. आता हा गडी एक ठेवूनच देतो, अशी त्याची खात्री.

बबनभाऊ म्हैस निरखत म्हणाले, "खाऊ दे. माह्या पंचानं नरम केलेली सरकी आहे. पचाले सोपी!"

नामदेव त्या दिवसापासून त्यांचा झाला तो झालाच.

*

एकदा भर बाजारात एका पिऊन आलेल्याने बबनभाऊंच्या कानाखाली वाजवली. विनाकारण! भाजीवाल्या तराजू धरून तशाच थांबल्या. आम्ही म्हटलं, गेला हा कामातून. बबनभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि सरळ चालायला लागले.

मी तापट माणूस. रस्ताभर भांडत आलो. "काऊन सोडलं त्याले? काऊन?"

"अरे, तो माह्या वजनगटातला नाई ना!"

*

वडनेरची एक पोट्टी बसने भाऊंकडे बॉक्सिंग शिकायला यायची. तिने एक दिवस असा ठोसा दिला की भाऊंचं नाक टमाट्यासारखं फुललं. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून घरात बसला असता. हा माणूस बाजारभर नाक दाखवत फिरला! "पाह्य, पाह्य! वडनेरच्या पोरीचा पंच आहे!"

वहिनी हळद लावायला आल्या तर म्हणतात, "आजच्या दिवस राहू दे. अजून स्टेशनकडच्या लोकायनं पाह्यलं नाई."

*

नागपूरच्या फायनलला नामदेव सोबत गेलता. मी इकडे स्टेशनवर बँड बोलावून ठेवलेला. भाऊ जिंकणारच, शंकाच नाही! गाडी आली. भाऊ उतरले ते ओठ फाटलेला, एक डोळा बंद. मागून नामदेव मला हातानेच 'नाई, नाई' करत होता. बँडवाला तुतारी तोंडाजवळ धरून तसाच उभा. मी म्हटलं, "चला रे, बंद करा. घरी जा."

भाऊ भडकले. "काऊन? हरलो मी. बँडवाल्याचं काय चुकलं? वाजवा!"

आणि स्टेशनपासून चक्कीपर्यंत हा हरलेला माणूस बँडपुढे नाचत आला. लोक माड्यांवरून टाळ्या वाजवत होते. खरं सांगतो, जिंकले असते तर एवढी मजा आली नसती.

रिंगमध्ये काय झालं ते नामदेवने मागाहून सांगितलं. जिंकला तो नागपूरचा कैलास. त्याच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, नाचवलं, खाली ठेवलं आणि सगळे गुलाल आणायला पळाले. ग्लोव्हजना तेव्हा लेस असायच्या, त्या आपल्या हाताने सुटत नाहीत. समोर पाण्याचा माठ आणि हा चॅम्पियन घसा कोरडा घेऊन उभा!

नामदेवने भाऊंचे ग्लोव्हज केव्हाच काढले होते. भाऊ कैलासकडे गेले. म्हणाले, "हात इकडं कर, बापा. जिंकला म्हणून काय तहानलेला मरशीन?" लेस सोडल्या आणि गिलास भरून दिला.

*

पुढे भाऊंचे हात कापायला लागले. चहाचा कप बशीवर वाजायचा. सुरुवातीला म्हणायचे, "हात वॉर्मअप करून राह्यले." आम्ही हसायचो. मग एक दिवस शर्टाची बटणं लागेनात. वहिनी लावून द्यायला गेल्या तर त्यांनी हात झटकला. त्यानंतर बनियनवर घरातच. घर चक्कीच्या मागे, दोन ढांगांवर. पण बाहेरच्या बाकावर येणं बंद.

मी रोज चहा घेऊन दारात जायचो. आतून आवाज यायचा, "त्याले सांगजो, मी झोपलो आहे." आवाज त्यांचाच! हसू यायचं अन् डोळ्यात पाणीही. मले दुसरं काहीच नको होतं. फक्त त्यांनी एकदा बाहेर यावं, बाकावर बसावं, माझ्या दुकानाला नावं ठेवावीत. आजही संध्याकाळी चक्कीचा पट्टा थांबला की मान आपोआप बाकाकडे वळते.

*

नामदेवने कोणाला न सांगता नागपूरला फोन लावला. एका दुपारी त्याच्या ऑटोतून गुडघे धरत एक माणूस उतरला. टक्कल, सुटलेलं पोट. कैलास!

तो सरळ आत गेला. आम्ही दारात गर्दी केली. त्याला पाहताच भाऊंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. कैलासने खुंटीवरचा पांढरा फुल शर्ट काढला आणि समोर उभा राहिला.

"हात इकडं कर, बापा."

भाऊ भिंतीकडे पाहत राहिले. मग हळूहळू हात बाहेर आले, कापत कापत. कैलासने एकेक बाही चढवली, गळ्यापासून बटणं लावली, शेवटी मनगटाची.

भाऊ उठले. उंबऱ्यापर्यंत आले. बाहेर अर्धी गल्ली जमलेली. वहिनींनी चक्की बंद केली, एकदम सगळं शांत झालं. भाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्यावर डोळे वटारले.

"बँड कुठी आहे बे?"