मिरेल्वाने साबा सांगितलं

माझी थोरली बहीण मिरेल्वा बावीस वर्षं आमच्या कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर पाहुण्यांना समुद्राखाली न्यायची. एका दुपारी तिच्या मालकाने, उबाल्डोने, डोकी न मोजताच बोट हाकली आणि हेंक नावाचा म्हातारा डच पाहुणा मागे पाण्यातच राहिला. मिरेल्वा उडी मारून त्याच्याकडे पोहत गेली. तरी उबाल्डोने खापर तिच्यावरच फोडून तिला काढून टाकलं. ती हॉटेलात चादरी बदलू लागली.

दोन वर्षांनी हेंकचा फोन आला. "आम्ही आठ जण डायव्हिंगला येतोय. बोनेर, डॉमिनिका की साबा? उबाल्डो मागे लागलाय, पण तू सांगशील तिथे जाऊ."

आमच्याइतका शांत समुद्र साबा बेटाला नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "साबा. माझा मामेभाऊ तिथे बोट चालवतो. मीही येते."

उबाल्डो तिच्या दारात येऊन म्हणाला, "माझी माणसं पळवलीस ना?"

"मी कशाला पळवू? माणसं मागे सोडायची सवय तुला आहे."

हेंकची मंडळी साबाला होती तो आठवडा उबाल्डोची बोट धक्क्यालाच राहिली. ती मंडळी बोनेरला आली की माझ्याकडेच जेवायची, त्यामुळे माझं जेवणघरही ओस पडलं. मी फोनवर तिला तसं सुनावलं.

"तुझं वाईट वाटतं गं," ती म्हणाली. "पण तो रिकाम्या बोटीत बसून होता, असं कळलं आणि दोन वर्षांनी मी पोटभर जेवले."